तीन जिवांचा पट्टा

माझे वडील अब्राम, त्यांचे वडील वेसेल आणि वेसेलचे वडील याकोबस. या तिघांनी व्लाइकिल ओढ्याकाठची एकच जमीन कसली आणि तिघेही त्याच जमिनीच्या वरच्या अंगाला, सफरचंदांच्या बागेत पुरले गेले. याकोबसचे वडील थोरले वेसेल. त्यांच्या उशाशी खोऱ्यातला सर्वांत उंच दगड उभा होता आणि त्यावर ‘गेर्लोफचा पुत्र’ असे कोरले होते. आमचे आडनाव गेर्लोफसन पडले ते त्यावरूनच. मी मारिटी, अब्रामची थोरली मुलगी. वयाची शहात्तर वर्षे उलटेपर्यंत मला स्वतःच्या कुळाविषयी एकही प्रश्न पडला नव्हता. प्रश्न पडत ते इतरांच्या कुळाविषयी, आणि ते विचारायला मी कधी कचरले नाही.

त्या वर्षी, म्हणजे १९११ साली, आमचे खोरे पाण्याखाली जायचे होते. खाली शहराला पाणी हवे होते, म्हणून धरण बांधले जात होते. जूनमध्ये झाडे तोडली, जुलैमध्ये घरे जाळायला सुरुवात झाली, आणि मग मेलेल्यांची पाळी आली. नियम साधा होता. मृताचा वंशज कागद घेऊन पुढे आला, तर ती कबर उकरून टेकडीवरच्या नव्या दफनभूमीत नावानिशी हलवली जाईल. ज्याला नाव नाही किंवा वंशज नाही, तो क्रमांक घातलेल्या पेटीतून सामाईक चरात. शेवटची तारीख एक नोव्हेंबर.

आमच्या बागेत अकरा कबरी होत्या. आठांवर कोरीव दगड होते, त्यांची चिंता नव्हती. उरलेल्या तिघांवर शेतातलेच ओबडधोबड धोंडे होते. त्यांतल्या दोन मोठ्या धोंड्यांखाली आमचा मूळपुरुष गेर्लोफ तेउनिसेन आणि त्याची बायको ग्रीत्ये आहेत, हे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाई. गेर्लोफ गेल्डरलँडहून, म्हणजे डच मुलखातून, जहाजाने आला, एवढेच ठाऊक होते. कागद एकही नव्हता. तिसरा धोंडा गुडघ्याएवढा होता. त्याला आम्ही ‘पॅलाटाइनचे पोर’ म्हणत असू. ऱ्हाइनकाठचे उपाशी जर्मन, म्हणजे हे पॅलाटाइन, इंग्रज राणीच्या जहाजांतून आले आणि नदीकाठच्या छावण्यांत राहून सरकारसाठी डांबर गाळू लागले, तेव्हा त्यांच्यातली बापाविना पोरे सरकारने घरोघर कामाला बांधून दिली. त्यांतले एक आमच्याकडे देवीच्या साथीत मेले, ते हे. लहानपणी आम्ही त्या धोंड्यावरून उड्या मारत असू, आणि लोणी धुतलेले पाणी आजी तिकडेच भिरकावी. हलवायच्या यादीत मी दहा नावे लिहिली. अकरावे लिहिण्याचे मनातही आले नाही.

धाकटा भाऊ लांबर्ट चर्चचा वडीलधारी पंच. खोऱ्यात ज्याचे घराणे आधी आले त्याची टेकडीवर रांग पुढे, असे पंचांनी ठरवले होते. चर्चमधले पहिले बाक सहा पिढ्या आमचे. तेव्हा टेकडीवरची पहिली रांगही आमचीच असणार हे लांबर्टने गृहीत धरले होते. “ताई, गेर्लोफचा एक कागद आण,” तो म्हणाला. “नाहीतर आपला मूळपुरुष भिकाऱ्यांच्या चरात जाईल आणि पहिल्या रांगेत आपल्यामागून आलेले ते गिरणीवाले झोपतील.”

म्हणून ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी मी किंग्स्टनच्या नोंदणी कचेरीत जाऊन बसले.

आमच्या डच लोकांत जुन्या काळी आडनाव नसे. बापाचे नाव तेच मुलाचे दुसरे नाव, म्हणजे दर पिढीला नाव पालटणार. माणसाच्या नावामागून निघाल तर तिसऱ्या पिढीशी वाट चुकाल. जमीन मात्र नाव बदलत नाही. तिची चतुःसीमा धरून मागे जायचे, हे मला कोणी शिकवावे लागले नाही. मी वडिलांबरोबर बांधावरून चाललेली बाई आहे. लोखंडी कडे ठोकलेला पांढरा ओक, तिथून ओढ्याच्या कोपरापर्यंत मोजणीच्या सत्तावीस साखळ्या, तिथून फुटक्या खडकापर्यंत. तो ओक याच जूनमध्ये शहराच्या कुऱ्हाडीने पडला होता. कागदांवर तो अजून उभा होता.

कागद काढून देणारे गृहस्थ कोनराड श्नायडर, साठीचे, वाकलेले, बोटे शाईने काळी पडलेली. आडनावावरूनच कळले की पॅलाटाइन. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले की माझ्या घराण्याचे कागद त्यांच्या हाती असणे म्हणजे मांजरापुढे लोण्याचा गोळा ठेवण्यासारखे आहे.

“आमच्या लोकांना लोणी कुठलं, बाईसाहेब,” ते शिडीवरूनच म्हणाले. “तुमच्या लोकांनी ताकसुद्धा मापून दिलं.”

मला उलट उत्तर देणारी माणसे खोऱ्यात फार नव्हती. त्या दिवसापासून मी जेवणाच्या डब्यात एक सफरचंद जास्त नेऊ लागले. दिले मात्र टेबलाच्या कडेवर ठेवून, हातात नव्हे.

वडिलांच्या नावचा कागद, आजोबांचा, मग याकोबसचे १७८५ चे खरेदीखत, असे आम्ही मागे मागे गेलो. याकोबसने जमीन विकत घेतली होती ती सरकारकडून. मूळ जमीनदार इंग्रज राजाच्या बाजूचा, म्हणून स्वातंत्र्ययुद्धानंतर त्याची मिळकत जप्त झाली होती. तिसऱ्या आठवड्यात श्नायडरांनी एक चामडी वही माझ्यापुढे उघडली, आणि त्या ओकाच्या आणि त्या फुटक्या खडकाच्या शेजारी मला गेर्लोफ तेउनिसेन भेटला. साल १७०४. शेतकरी, गेल्डरलँडचा, सही येत नाही, म्हणून नांगराच्या फाळाची खूण.

तो भाडेपट्टा होता. वर्षांचा नव्हे, तीन जिवांचा. पट्ट्यात तीन माणसांची नावे घालत. त्यांतले एक जरी जिवंत असेल तोवर जमीन कुळाकडे. तिसरा जीव गेला की जमीन, घर, गोठा, सगळे जमीनदाराचे. खंड दर वर्षी गहू, चार पोसलेल्या कोंबड्या आणि एक दिवस बैलगाडीची वेठ. शहाणा बाप तिसरे नाव घरातल्या सर्वांत लहान लेकराचे घाली, म्हणजे पट्टा लांबतो. गेर्लोफ शहाणा होता. पहिला जीव तो, दुसरा ग्रीत्ये, तिसरा त्यांचा एकुलता मुलगा वेसेल, वय वर्षे एक.

त्या एका ओळीने सगळे जुळले. गेर्लोफ, त्याचा पुत्र वेसेल, त्याचा याकोबस, आणि खाली मी. त्या दुपारी मी मान ताठ ठेवून कचेरीच्या पायऱ्या उतरले.

त्याच आठवड्यात मी आमच्या चर्चची पेटी उघडवून घेतली, कारण गेर्लोफच्या मृत्यूची तारीखही हवी होती. शवावर घालायची काळी चादर आमच्याकडे चर्चची असे, एक मोठी आणि एक लहान, आणि तिचे भाडे वहीत लिहीत. गेर्लोफ, १७२५, मोठी चादर. ग्रीत्ये, १७३१, मोठी चादर. आणि त्याआधी, फेब्रुवारी १७११: लहान चादर, गेर्लोफकडच्या पॅलाटाइन मुलासाठी, भाडे पूर्ण दिले.

अनाथांना चादर फुकट मिळे; त्या पानावर चार ठिकाणी ‘माफ’ असे लिहिलेले होते. गेर्लोफने मात्र परक्या पोरासाठी पूर्ण भाडे भरले होते. मी ते लांबर्टला अभिमानाने वाचून दाखवले. आपला मूळपुरुष किती उदार होता, असे म्हणाले. लांबर्टने टेकडीवरच्या समारंभात हे सांगायचे ठरवले.

काम संपले होते. पण श्नायडर म्हणाले, शहराचा वकील विचारील की १७०४ चे कूळ १७८५ ला मालक कसे झाले. मधला दुवा दाखवलेला बरा. जप्त मिळकतीचे कागद तळघरात गठ्ठ्याने पडलेले होते. दोन दिवसांनी त्यांनी आमच्या शेताचा गठ्ठा वर आणला. त्यात जमीनदाराने १७७१ साली लावलेल्या, पण युद्धामुळे निकालाविना राहिलेल्या दाव्याचे कागद होते आणि त्यांच्या पोटात सहा पानांची एक जबानी, डच भाषेत.

“ही त्यानंतर कुणी वाचलेली नाही,” श्नायडर म्हणाले. “वाचणारं माणूसच उरलं नाही.”

मी उरले होते. आजीने मला डच बायबलावरच अक्षरे गिरवायला लावली होती. मी चष्मा पुसला आणि वाचू लागले.

जबानी लिस्बेट नावाच्या बाईची होती. वय एकोणऐंशी, तरुणपणी गेर्लोफच्या घरची मोलकरीण. जमीनदाराच्या कारभाऱ्याने तिला न्यायाधीशापुढे आणून शपथेवर विचारले होते की पट्ट्यातला तिसरा जीव, गेर्लोफचा वेसेल, जिवंत आहे काय. तिने सांगितले की गेर्लोफचा वेसेल साठ वर्षांपूर्वी मेला.

१७१० च्या पानगळीत छावणीतून एक मुलगा आणला गेला, योहान पेटर नावाचा, वेसेलच्याच वयाचा. हिवाळ्यात देवी आल्या आणि घर बंद झाले. दोन्ही मुले एका अंथरुणावर होती. वेसेल गेला, पेटर वाचला, पण चेहरा असा झाला की जन्मदात्रीनेही बोट ठेवून सांगू नये. गेर्लोफ तेव्हाच पन्नाशीचा होता, ग्रीत्येला पुढे मूल होणार नव्हते. तीन जिवांतले दोन म्हातारे आणि तिसरा मेलेला. लिस्बेट म्हणते, धन्याने रात्रभर काही केले नाही, नुसता बसला. सकाळी उठून चर्चला निरोप धाडला की पॅलाटाइनचे पोर गेले. पेटरला वेसेलचा कोट घातला. ग्रीत्ये त्याला वेसेल म्हणेना, तेव्हा धन्याने तिला सांगितले की म्हणायला लागेल, नाहीतर आपण रस्त्यावर. मग ती म्हणू लागली.

चादरीचे भाडे पूर्ण का भरले, हे मला तिथे समजले. ते उदार हाताने भरलेले नव्हते. ते एका बापाने आपल्या मुलासाठी भरले होते.

मी पान उलटले.

पुढच्या कापणीला मुलाची आई आली. आना मार्गारेठा शेफर, विधवा. नवरा जहाजावरच वारलेला. नदी ओलांडून ती पायी आली होती. तिला बागेतली लहान कबर दाखवली गेली. तिने विचारले, दगड का नाही. गेर्लोफ म्हणाला, दगड फुकट येत नाही. तिच्याजवळ हात सोडून काही नव्हते. तेव्हा असे ठरले की तिने दोन कापण्या मजुरीवाचून कराव्या, आणि त्याबदल्यात कंबरेइतका निळा दगड, त्यावर मुलाचे पूर्ण नाव, खाली बापाचे आणि आईचे, आणि दगड बसवताना तिच्या भाषेत प्रार्थना. लिस्बेट त्या बोलीला साक्षी होती. त्या कापणीला मुलाला ग्रीत्येच्या बहिणीकडे गावात ठेवले होते. दुसऱ्या वर्षीही ठेवले, पण तो तीन दिवस आधी परतला.

तिचे शब्द जसे लिहिले आहेत तसेच देते.

“बाई विहिरीवर पाणी पीत होती. पोरगा फाटकातून आत आला. तिने त्याच्याकडे बघितलं, लई वेळ बघितलं. मग आपल्या भाषेत विचारलं, तू कुणाचा रे? डचमध्ये नाही विचारलं, तिच्याच भाषेत. त्याने चटकन जबाब दिला, डचमध्ये, ‘मी गेर्लोफचा वेसेल.’ तिची भाषा त्याला समजली नसती तर जबाब कसा दिला असता? मला विचाराल तर त्याने ओळखली तिला. नऊ वर्षांचा होता. धन्याने त्याला सांगून ठेवलं होतं की नाव बदललंस तर आपण सगळे रस्त्यावर, तू पहिला. बाई म्हणाली, तुझ्या आईला देव सुखात ठेवो. आणि विळा घेऊन रानात गेली. कापणी पुरी करून गेली. दगड काही बसला नाही. धनी म्हणाला, नदी गोठलीय, पाथरवट मेलाय. ती पुन्हा आली नाही.”

जबानीच्या शेवटी लिस्बेटने अंगठ्याऐवजी एक लहान वर्तुळ काढले होते.

श्नायडर केव्हाचे टेबलाच्या पलीकडे उभे होते. “बाईसाहेब, तासभर तुम्ही पान उलटलेलं नाही,” ते म्हणाले. मी म्हणाले, जमिनीची भांडणे आहेत. ते जागचे हलले नाहीत. आयुष्यभर मी त्यांच्या लोकांना दारात उभे ठेवले होते. सहा पाने मांडीवर घेऊन मला तसे आणखी करवेना. मी त्यांना सर्व वाचून दाखवले, वाक्यावाक्याने भाषा बदलत.

श्नायडरांनी सगळे उभ्यानेच ऐकले. मग आतून छावणीच्या शिधावाटपाच्या याद्यांची नक्कल घेऊन आले. शेफर, विधवा, एक मुलगा. पुढच्या यादीत शेफर, विधवा, एकटी. १७१३ च्या यादीत ते नावच नव्हते.

“त्या हिवाळ्यात छावणी मोडली,” ते म्हणाले. “लोक बर्फातून डोंगरापलीकडे गेले. सगळे पोचले नाहीत.” त्यांनी जबानीची पाने नीट केली आणि गठ्ठ्याची फीत त्यांवर आडवी ठेवली. “शहराचा नियम वंशजाचा आहे. हा कागद दिला, तर गेर्लोफला वंशज नाही. तो चरात जाणार. एकशेचाळीस वर्षं हा कुणी मागितला नव्हता. मी होता तसा बांधून ठेवू शकतो. तुम्ही सांगाल तसं.”

त्यांनी ते पॅलाटाइन म्हणून सांगितले नाही. कचेरीतला माणूस म्हणून सांगितले. त्यामुळेच ते मला अधिक लागले.

मी नक्कल मागितली, दोन्हींची, पट्ट्याची आणि जबानीची.

घरी आले तेव्हा लांबर्ट पडवीत पट्ट्याची वाट पाहत बसला होता. शेजारचे घर आदल्याच दिवशी जाळले होते आणि धूर अजून खोऱ्यातून निघाला नव्हता. मी त्याला पट्टा दिला. त्याने तो दोनदा वाचला आणि नांगराच्या फाळावर बोट फिरवले. मग मी जबानी वाचली. तो मध्येच उठून उभा राहिला.

त्याचे म्हणणे मी प्रामाणिकपणे नोंदवते, कारण त्यात तथ्य होते. तो म्हणाला, एका दावेदाराने आणलेली म्हातारी. तिला काय चारले असेल कोणास ठाऊक. मी म्हणाले, चादरीचे भाडे तिने भरले नव्हते. मग तो म्हणाला, समजा खरे आहे, तरी तो माणूस बहात्तर वर्षे वेसेल म्हणून जगला, वेसेल म्हणून लग्न केले, मुले केली, त्याच नावाने देवाने त्याला नेले. गेर्लोफने त्याला खाऊ घातले, जमीन दिली. ज्या बापाचे खाल्ले त्याला चरात टाकायचे, ते कोणा कामकरी बाईच्या शब्दावर?

“माणूस हाकेला ओ देतो तेच त्याचं नाव, ताई,” तो म्हणाला.

“त्याला एकदा हाक मारली होती,” मी म्हणाले. “त्याने काय ओ दिली ते वाचूनच मी आलेय.”

लांबर्टने कागद चुलीकडे नेला. मी उठले नाही. मी एवढेच म्हणाले की नक्कल आहे, मूळ श्नायडरकडे आहे. तो चुलीपाशी उभा राहिला आणि हळूहळू त्याचे खांदे खाली आले. मग त्याने जे विचारले ते कोणी विचारील असे मला वाटले नव्हते.

“मग कातालीनाचं काय केलंस तू?”

कातालीना आमची मधली बहीण. एकतीस वर्षांची असताना तिला एका गाडीवानाने मागणी घातली होती. चांगला माणूस, स्वतःची घोडी होती, आईबाप पॅलाटाइन. वडील आजारी होते, घरचा शब्द माझा होता. मी त्याला दारातच सांगितले की गेर्लोफच्या रक्तात छावणीचे पाणी मिसळत नाही. तो गेला. कातालीना माडीवरच्या खोलीत बावीस वर्षे शिवणकाम करत राहिली आणि तिथेच गेली. तिने मला कधी दोष दिला नाही. जेवणाच्या टेबलावर ती माझ्याकडे पाहत नसे, एवढेच.

लांबर्टच्या हातातली नक्कल मी परत घेतली. 

दुसऱ्या दिवशी मी शहराच्या अधिकाऱ्याकडे गेले आणि जबानी टेबलावर ठेवली. मी सांगितले की माझ्या यादीतली पहिली दोन नावे काढा, आणि थोरल्या वेसेलच्या जागी योहान पेटर शेफर लिहा. तो अधिकारी शिष्टाचाराने वागणारा होता. त्याने विचारले की असे केल्याने त्या दोघांना क्रमांकाची पेटी मिळेल हे मला समजले आहे ना. समजले आहे म्हणाले. मग मी अकराव्या कबरीविषयी विचारले. तो म्हणाला, तिथे पुरलेल्याचे वंशज असूच शकत नाहीत, मूल होते. मी म्हणाले, वंशज नाहीत, पण आईबाप आहेत. त्याची पेटी त्यांच्या दोघांच्या मधे ठेवा. एवढे नियमात बसते काय, ते त्याला पाहावे लागले. बसत होते.

बाग उकरली ती ऑक्टोबरच्या अठ्ठावीस तारखेला. मी खुर्ची टाकून बसले, कारण घरातल्या कोणीतरी बसायला हवे होते. लांबर्ट आला नाही. गेर्लोफचे फारसे काही उरले नव्हते, ग्रीत्येचे त्याहून कमी. लहान खड्ड्यात मजूर गुडघ्यांवर उतरला आणि त्याने चार बोटांएवढी हाडे वर काढली, आणि शिशाची दोन बटणे. पोर चांगल्या कपड्यांत पुरले गेले होते. बटणे मी पेटीतच ठेवायला सांगितली. तिन्ही पेट्यांवर काळ्या रंगाने क्रमांक घातले, ११८, ११९, १२०, आणि गाडी चराकडे गेली. माझा मूळपुरुष म्हणून ज्याचे नाव मी शहात्तर वर्षे मिरवले, त्याच्या मागून मी गेले नाही. तो माझा नव्हता, आणि तरीही गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

थोरल्या वेसेलची कबर मात्र खोल होती. हाडे मोठी, रुंद. उंच दगडावरची अक्षरे मजुराने वाचली आणि हा न्यायचा का, असे विचारले. मी म्हणाले, तो इथेच राहील. पाणी आले की पाण्याखाली जाईल.

शहर प्रत्येक नावामागे एक ठरावीक लहान दगड देत असे. मी तो नाकारला आणि डोंगरातल्या खाणीवरून कंबरेइतका निळा दगड आणवला. पाथरवटाला काय कोरायचे ते मी स्वतः उभी राहून सांगितले. बापाचे नाव हवे होते आणि ते जबानीत नव्हते. श्नायडरांनी त्यासाठी नऊ दिवस तळघरात काढले आणि जहाजाच्या यादीत ते शोधून काढले: योहान गेओर्ग. मृत, जूनमध्ये, समुद्रावर.

नोव्हेंबरच्या तीन तारखेला आम्ही टेकडीवर गेलो. मागच्या बाजूची रांग होती. पंचांच्या नियमाप्रमाणे आम्ही आता खोऱ्यात उशिरा आलेल्यांत होतो. पंचांपैकी कोणी आले नाही. वाटेत गिरणीवाल्याच्या बायकोने मला गाठले आणि कुत्सितपणे विचारले की तुमच्या गेर्लोफला कुठे ठेवलेत हो. मी तिला सांगितले, ज्यांना कोणी वंशज नाही ते सगळे जातात तिथे, चरात. तिला काही कळले नाही.

दगड बसवायला दोन माणसे होती. अर्ध्यात लांबर्ट आला. काळा कोट घालून तो दूर, फाटकापाशी उभा राहिला. मग तो पुढे आला, कोट काढून कुंपणावर टाकला आणि दगडाला खांदा दिला. सत्तर वर्षांचा माणूस. मजुराने नको म्हटले तर त्याने त्याच्याकडे पाहिलेही नाही. काम झाल्यावर तो माझ्या बाजूला उभा राहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला की प्रार्थना डचमध्ये त्याने म्हटली असती.

“बोली झाली होती ती तिच्या भाषेतल्या प्रार्थनेची,” मी म्हणाले.

श्नायडरांनी टोपी काढली. त्यांच्या खिशात पणजोबांचे जुने प्रार्थनेचे पुस्तक होते, पण ते उघडायची त्यांना गरज पडली नाही. वारा होता. त्यांचा आवाज मोठा नव्हता, उच्चार गावंढळ, छावणीतून आलेला. ‘आमच्या स्वर्गातल्या बापा’पासून ‘आमेन’पर्यंत त्यांनी एकही शब्द गाळला नाही. मला निम्मे समजले. मी ओठ हलवले नाहीत. ती माझी म्हणण्याची गोष्ट नव्हती, माझी पोचवण्याची होती.

मग मी वाकले, काठी लांबर्टकडे दिली आणि दगडावरची ओली माती हाताने पुसली, म्हणजे नावे स्पष्ट दिसावीत. मुलाचे पूर्ण नाव. खाली बापाचे. त्याखाली, सारख्याच उंचीच्या अक्षरांत, आना मार्गारेठा. दोन कापण्यांची मजुरी चुकती झाली. त्या बाईचे आमच्याकडे आता काहीही बाकी राहिले नाही.